परत आलेली साडी आपलीच आहे का?

आम्ही येवल्याच्या हातमागावरच्या रेशमी पैठण्या ऑनलाइन विकतो. बऱ्याचशा मोठ्या मार्केटप्लेसवरून जातात, काही इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून थेट. पार्सल गिऱ्हाइकाच्या हातात पडलं म्हणजे विक्री झाली, असं या धंद्यात धरता येत नाही. परताव्याची मुदत उलटेपर्यंत साडीही आपली नसते आणि पैसेही आपले नसतात. बेइमान खरेदीदार नेमका या मधल्या काळात हात मारतो. बहुतेक विक्रेते क्लेमची, म्हणजे मार्केटप्लेसकडे करायच्या भरपाईच्या दाव्याची, तयारी खराब साडी हातात आल्यावर सुरू करतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. क्लेम जिंकायचा असेल तर त्याची तयारी साडी पाठवायच्या आधी, पॅकिंगच्या टेबलावरच करावी लागते. ती आम्ही कशी करतो, पुढे काय काय घडतं आणि गाडी कुठे अडते, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

साडीच्या धंद्यात फसवणुकीचे प्रकार मोजकेच आहेत. पहिला, नेसून परत करणं: लग्न, मुंज, दिवाळी-पाडवा झाला की साडी 'रंग आवडला नाही' म्हणून परत. दुसरा, अदलाबदल: हातमागाची पैठणी ठेवून घ्यायची आणि त्याच पिशवीत यंत्रमागाची किंवा घरातली जुनी साडी घालून पाठवायची. तिसरा, रिकामं पार्सल, किंवा वजनासाठी आत कसलं तरी कापड. चौथा, 'पार्सल मिळालंच नाही' असा दावा. पाचवा, कॅश ऑन डिलिव्हरी मागवून दारातून परत पाठवणं. यात साडी शाबूत येते, पण पॅकिंग आणि दिवस वाया जातात, थेट विक्रीत जाण्यायेण्याचा खर्चही आपल्याच माथी बसतो. थेट विक्रीत खोट्या पेमेंटचे प्रकार असतात, ते पुढे येतील.

'वापरलेली साडी परत घेणार नाही' असं लिस्टिंगवर लिहिलं की काम झालं, असा अनेकांचा समज आहे. तसं होत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचली असेल, तर मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. हा नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे आणि तो असायलाच हवा. पण बेइमान माणूसही परताव्याचं कारण निवडताना 'वर्णनाप्रमाणे नाही' यावरच बोट ठेवतो, कारण त्या कारणाला पॅनलवर, म्हणजे मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याच्या खात्यात, क्वचितच अडवणूक होते. म्हणून पहिलं काम लिस्टिंगच्या मजकुरावर करायचं. साडीची लांबी साडेपाच मीटर, ब्लाऊजपीस वेगळा ८० सेंटिमीटर, जरीचा धागा टेस्टेड (खऱ्या चांदीचा नसलेला) आहे की चांदीचा, हातमागामुळे विणीत दिसणाऱ्या लहान गाठी, दिवसाच्या उजेडातला एक फोटो आणि ट्यूबलाइटखालचा एक फोटो, हे सगळं लिहिलेलं आणि दाखवलेलं असावं. दुरंगी छायेची साडी, म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, फोटोत नेहमी एकच रंग दाखवते. तिथे तर दोन्ही कोनांतून काढलेले फोटो हवेतच. प्रामाणिक गिऱ्हाइकाचे परतावे यानेच निम्म्याहून जास्त टाळता येतात, आणि अप्रामाणिकाच्या हातातलं सोपं कारण जातं.

आता ओळखीची खूण. दोन पैठण्या फोटोत सारख्याच दिसतात, त्यामुळे 'हीच ती साडी' हे सिद्ध करायला साडीच्या अंगावर काहीतरी लागतं. आम्ही तीन गोष्टी करतो. ब्लाऊजपीसच्या टोकाला, किनारीच्या आतल्या बाजूने, वेगळ्या रंगाच्या रेशमी धाग्याचे तीन बारीक टाके. ते कुठे आहेत हे गिऱ्हाइकाला कळत नाही आणि साडीलाही इजा होत नाही. दुसरं, पदराच्या वरच्या कोपऱ्यात क्रमांक असलेला कुलूप-टॅग. साडी नेसल्यावर जिथे तो दिसल्याशिवाय राहणार नाही अशाच जागी तो हवा. नेसायची तर टॅग तोडावाच लागतो, आणि तोडलेला परत लावता येत नाही. टॅग घडीच्या आत लपलेला असेल तर त्याचा उपयोग शून्य. तिसरं, सिल्क मार्कच्या लेबलवरचा क्रमांक. शुद्ध रेशमाची खात्री देणारी ही योजना केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ मध्ये आणली आणि प्रत्येक लेबलला स्वतंत्र क्रमांक असतो. टॅगचा क्रमांक, सिल्क मार्कचा क्रमांक आणि ऑर्डर क्रमांक एका ओळीत वहीत लिहिले की साडीची ओळख पक्की होते. अतिनील प्रकाशात दिसणारं मार्कर काही जण साडीवरच वापरतात. रेशमावर ते करू नका, डाग कायमचा राहू शकतो, टॅगवर चालेल.

पॅकिंगचा व्हिडिओ सगळेच काढतात, पण क्लेममध्ये टिकेल असा फार थोड्यांचा असतो. तो एकाच सलग शॉटचा हवा. मध्ये एकदा जरी थांबवला, तरी 'मधल्या वेळात साडी बदलली असेल' म्हणायला जागा मिळते. फोन टेबलाच्या वर स्टँडला पक्का बसवायचा, रिझोल्यूशन १०८०पी पुरे. सुरुवात शिपिंग लेबलने करायची: एडब्ल्यूबी क्रमांक (कुरिअरचा पार्सल क्रमांक) आणि बारकोड तीन सेकंद स्थिर, वाचता येईल असा. मग साडी उलगडून पदर, काठ, टॅगचा क्रमांक, टाक्यांची खूण. मग घडी, पिशवी, सील. मग वजनकाट्यावर बंद पार्सल, आकडा स्थिर होईपर्यंत. शेवटी लेबल चिकटवून पार्सल सगळ्या बाजूंनी फिरवायचं. या सगळ्यात साडीने किंवा पार्सलने एकदाही कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जायचं नाही. आमच्या पाहण्यात जे व्हिडिओ फेटाळले गेले त्यांतल्या पुष्कळांचा दोष एकच होता: वजन करायला पार्सल बाजूच्या टेबलावर नेलेलं. काटा कॅमेऱ्याखालीच ठेवा. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे लेबलवरच्या प्लास्टिकची चकाकी. दिवा डोक्यावर असेल तर बारकोड पांढरा पडतो, म्हणून उजेड बाजूने यायला हवा.

दोन मिनिटांचा असा व्हिडिओ फोनच्या सेटिंगप्रमाणे १२० ते २६० एमबीचा होतो. दिवसाला वीस पार्सलं असतील तर अडीच ते पाच जीबी. म्हणजे दोन-तीन महिन्यांचे व्हिडिओ ठेवायला ५०० जीबीची हार्ड डिस्क लागते, फोनमध्ये ते मावत नाहीत. फाइलच्या नावात तारीख, ऑर्डर क्रमांक आणि एडब्ल्यूबी घाला. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली प्रत मूळ समजू नका. तिथे व्हिडिओ दाबला जातो आणि बारकोड वाचता येत नाही. पॅनलवर अपलोडची मर्यादा लहान असते, त्यासाठी वेगळी हलकी प्रत करावी आणि मूळ फाइलला हात लावू नये. प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-आकडा, लिहावी लागते. मूळ फाइल कापली, जोडली, पुन्हा सेव्ह केली की हॅश बदलते.

वजनाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो सर्वात सोपा आणि सर्वात दुर्लक्षित पुरावा आहे. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या. हातमागाची पैठणी आणि तिच्या जागी घातलेली हलकी साडी यांत सहज शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक पडतो. पण कुरिअरच्या बिलावरच्या वजनावर भिस्त ठेवू नका. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते लावतं. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ३५ बाय २८ बाय ६ च्या खोक्याचं ते १.१७६ किलो येतं, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांत ते दीड किलो होतं. आत पैठणी असो नाहीतर रद्दी, बिलावर दीड किलोच दिसणार. तेच साडी ३२ बाय २५ बाय ४ च्या पिशवीत गेली तर आकारमानाचं वजन ०.६४ किलो. तिथे प्रत्यक्ष वजन वर येऊ शकतं, पण अर्ध्या किलोच्या टप्प्यांत बिलावर तोही फरक बुडू शकतो. म्हणून खोक्यापेक्षा घट्ट बसणारी, सील फाडल्याशिवाय उघडत नाही अशी पिशवी बरी. सपोर्टला लिहिताना 'बिलाचं वजन' असं म्हणू नका, हबवर (कुरिअरच्या केंद्रावर) मोजलेलं प्रत्यक्ष वजन मागा.

परतावा येतो तेव्हा घाई कुरिअरच्या माणसाला असते. गोणीत दहा-बारा परतावे एकत्र येतात, एकच ओटीपी सांगायचा, एकच सही करायची. त्या एका ओटीपीने गोणीतली सगळी पार्सलं पॅनलवर 'डिलिव्हर्ड' होतात, त्यात एखादं कमी असलं तरी. आधी त्याच्या यादीतला प्रत्येक एडब्ल्यूबी हातातल्या पार्सलशी जुळवा, मगच ओटीपी द्या. पिशवी फाटलेली, सील उचकटलेलं, टेप दुसऱ्या रंगाची असेल तर त्याच्यासमोर फोटो काढा आणि पोचपावतीवर तसं लिहा. तो लिहू देत नसेल तर ते पार्सल घेऊ नका आणि नकाराचं कारण त्याच्या अ‍ॅपमध्ये नोंदवायला लावा.

उघडतानाचा व्हिडिओ पॅकिंगच्याच पद्धतीने, त्याच टेबलावर: बंद पार्सल, परतीच्या लेबलचा बारकोड, वजन, मग कापणं, मग साडी. साडी नेसलेली आहे की नाही हे कुठे बघायचं, हे येवल्यात साडी विकणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, पण पॅनलवर क्लेम तपासणाऱ्याला नसतं. त्याला ते फोटोत दाखवावं लागतं. खालच्या काठाला फॉल लावून उसवला असेल तर साधारण अडीच मीटर लांबीत सुईच्या भोकांची एक सरळ रेघ राहते. काठाच्या मागे टॉर्च धरला की ती उजळून दिसते, आणि हा फोटो सगळ्यांत बोलका असतो. खांद्याच्या जागी पिनेची दोन भोकं. निऱ्यांच्या उभ्या चुण्या, ज्या कारखान्याच्या घडीच्या रेषांशी जुळत नाहीत. खालच्या काठाच्या जरीवर घासल्याची काळपट झाक. हळदीकुंकवाचा, अत्तराचा डाग. वास फोटोत येत नाही, त्यामुळे क्लेममध्ये निव्वळ 'परफ्यूमचा वास येतो' असं लिहून काही मिळत नाही.

अदलाबदल ओळखायला साडी उलटी करा. हातमागाच्या पैठणीत काठ आणि पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागी गुंतवून विणलेला असतो. यंत्रमागाच्या साडीला मागून सुटे, कापलेले धागे दिसतात. सुलट आणि उलट बाजू शेजारी ठेवून एकच फोटो काढा. धागा जाळून बघायचा मोह इथे आवरा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरडली जाते, पॉलिएस्टर वितळून गोळा होतो, हे खरं. पण क्लेम मंजूर होईपर्यंत परत आलेल्या वस्तूला कसलाही बदल करायचा नाही. ती जशी आली तशी, तिच्याच पिशवीत, परतीच्या लेबलसकट ठेवायची. मार्केटप्लेस कधी कधी ती वस्तू परत मागवतं.

क्लेम कुठे करायचा याचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. अ‍ॅमेझॉनवर सेफ-टी क्लेम, फ्लिपकार्टवर एसपीएफ (सेलर प्रोटेक्शन फंड). मुदतीही वेगळ्या असतात आणि बदलत राहतात, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका, त्या ऑर्डरसमोर पॅनलवर दिसणारी तारीख बघा. ती मुदत पॅनलवर परतावा पोचल्याची नोंद झाल्यापासून मोजली जाते. तुम्ही पार्सल कधी उघडलं याला अर्थ नाही. सणाच्या गर्दीत परताव्यांचा ढीग कोपऱ्यात आठवडाभर पडून राहतो आणि त्यातले क्लेम न करताच बुडतात. आम्ही आलेला परतावा त्याच दिवशी उघडतो, नवीन पार्सलं एक दिवस मागे गेली तरी चालेल.

क्लेमचा प्रकार निवडताना जपून. 'वापरलेली', 'वेगळी वस्तू', 'वस्तू कमी', 'रिकामं पार्सल', 'परतावा पोचलाच नाही' हे वेगवेगळे रकाने आहेत आणि तपासणारा फक्त त्या रकान्याला लागणारा पुरावा बघतो. साडी बदललेली असताना 'खराब झालेली' निवडलं, तर तो डागाचा फोटो शोधेल, सापडणार नाही, आणि क्लेम बंद होईल.

मजकूर कोरडा आणि आकड्यांचा हवा. आम्ही साधारण असं लिहितो: 'पाठवलेली वस्तू: हातमाग रेशमी पैठणी, टॅग क्रमांक अमुक, बंद पार्सलचं वजन ७४२ ग्रॅम, पॅकिंग व्हिडिओत ०:४८ वर. परत आलेली वस्तू: यंत्रमागाची कृत्रिम धाग्याची साडी, टॅग नाही, सिल्क मार्क लेबल नाही, बंद पार्सलचं वजन ५१५ ग्रॅम, अनबॉक्सिंग व्हिडिओत ०:२० वर. फोटो १: दोन्ही टॅगच्या जागा शेजारी. फोटो २: उलट बाजूची वीण.' व्हिडिओतला सेकंद लिहिला की तपासणाऱ्याला दोन मिनिटं बघत बसावं लागत नाही. 'गिऱ्हाइकाने फसवलं' असं मात्र लिहू नये. रिकामं पार्सल वाटेत, एखाद्या हबवरही होऊ शकतं, आणि गिऱ्हाईक निर्दोष असू शकतं. आपल्याला माहीत असतं ते इतकंच की अमुक वस्तू गेली आणि तमुक आली. तेवढंच लिहिलं तर क्लेमही मजबूत होतो आणि कुणावर खोटा आळही येत नाही.

पहिला नकार बऱ्याचदा ठरीव मजकुरात येतो: 'पुरावा अपुरा आहे.' तेच फोटो पुन्हा चिकटवून अपील केलं तर उत्तरही तेच येतं. अपिलात नवीन काहीतरी हवं: पिकअपच्या वेळी कुरिअरने काढलेले फोटो मागवा, हबवरचं प्रत्यक्ष वजन मागवा, टॉर्चचा फोटो जोडा. मंजूर झाला तरी पूर्ण विक्री किंमत मिळेलच असं नाही. पुष्कळदा भरपाई काही टक्केच असते. सेटलमेंट अहवालात, म्हणजे मार्केटप्लेसकडून जमा होणाऱ्या पैशांच्या हिशोबात, ती रक्कम वेगळ्या ओळीत येते. ती ऑर्डर क्रमांकाशी जुळवून बघा, मंजूर होऊन जमा न झालेल्या रकमाही असतात.

थेट विक्रीत परताव्याचा धोका कमी, पेमेंटचा जास्त. खरेदीदार पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवतो आणि लगेच आपला डिलिव्हरीवाला दारात उभा करतो, म्हणजे तपासायला वेळच मिळू नये. स्क्रीनशॉट बनावट करता येतो, बँकेसारखा दिसणारा एसएमएसही येतो. स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये खात्याचा उतारा उघडायचा आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक तिथे दिसला तरच साडी द्यायची. 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं कुणी म्हटलं तर संभाषण तिथेच थांबवा. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही. दोन व्यक्तींमधली कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे समोरच्याकडून पैसे मागणारी विनंती, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, त्यामुळे फसवणारे आता क्यूआरवर जास्त भर देतात.

'चुकून पाच हजार जास्त गेले, या दुसऱ्या नंबरवर परत करा' हा प्रकार सर्वांत घातक आहे, कारण कधी कधी पैसे खरोखर आलेले असतात. ते दुसऱ्याच कुणाच्या फसवणुकीतले असू शकतात. त्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैशांचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि बँक ती रक्कम, कधी सगळं खातं, गोठवते. तेव्हा तुम्ही पैसे तिसऱ्याच नंबरवर पाठवून बसलेले असता. परत करायचेच असतील तर बँकेला लेखी कळवून, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. ऑर्डरचं संभाषण, बिल आणि कुरिअरची पावती जपून ठेवा. खातं सोडवायला तीच लागतात. तुमचेच पैसे गेले असतील तर एक तासही न दवडता १९३० ला फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत अडवली तरच ती सापडते.

अदलाबदलीसाठी पोलिसांकडे जायचं का? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक येते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. एका साडीसाठी तपास क्वचितच पुढे सरकतो. एकाच पत्त्यावरून किंवा एकाच मोबाइलवरून असे अनेक परतावे आले, आणि दुसऱ्या विक्रेत्यांनाही तोच अनुभव असेल, तर एकत्र तक्रारीला वजन येतं. म्हणून वहीत पिनकोड आणि परताव्याचं कारण यांचाही रकाना ठेवा. मात्र गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता किंवा लेबल दिसणारा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकू नका. राग समजू शकतो, पण बदनामीचा गुन्हा न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तुमच्यावरच लागू शकतो, आणि माणूस निर्दोष निघाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही.

हिशोबाची बाजू थोडक्यात. मार्केटप्लेस विक्रीवर आधीच कापून घ्यायचे दोन कर घेतं: ०.५ टक्के टीसीएस (जीएसटीचा, १० जुलै २०२४ पासून) आणि ०.१ टक्के टीडीएस (प्राप्तिकराचा, १ ऑक्टोबर २०२४ पासून). परताव्यानंतर टीसीएस निव्वळ विक्रीवर हिशोबात येतो, तो पोर्टलवर जुळवून घ्या. परतीची क्रेडिट नोट (विक्रीची रक्कम कमी करणारा कागद) विक्री झाली त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत विवरणात यायला हवी. आणि साडी बदलली गेली, म्हणजे माल गेलाच, तर हरवलेल्या किंवा चोरीच्या मालावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे उलटवावं लागतं. पॅनलवर 'परत आली' असं दिसतं म्हणून ती साडी पुस्तकात शिल्लक दाखवत राहू नका. क्लेमची रक्कम कशी दाखवायची हे आपल्या सीएबरोबर बसून ठरवा, पॅकिंगच्या वहीसकट.

व्हिडिओ खोडण्याचा आमचा नियम: परताव्याची मुदत संपली, सेटलमेंट आलं आणि त्यावर आणखी एक महिना गेला की पॅकिंगचा व्हिडिओ जातो. क्लेम चालू असलेल्या ऑर्डरचा व्हिडिओ वेगळ्या फोल्डरमध्ये दोन ठिकाणी ठेवतो, आणि भरपाईची ओळ बँकेच्या उताऱ्यात दिसल्याशिवाय तो फोल्डर हलवत नाही.